राहण्याजोगी रात्र

१८९४ च्या मार्च महिन्यात अँड्र्यू डग्लस नावाचा सव्वीस वर्षांचा तरुण सहा इंची दुर्बीण घेऊन ॲरिझोनात गावोगाव फिरत होता. ॲरिझोना तेव्हा राज्यही झालं नव्हतं. बॉस्टनच्या पर्सिव्हल लॉवेल या धनाढ्य खगोलप्रेमीला मंगळ न्याहाळण्यासाठी वेधशाळा बांधायची होती आणि त्यासाठी कुठल्या गावची हवा चांगली, हे शोधण्याची कामगिरी त्याने डग्लसवर सोपवली होती. टूमस्टोन, टूसॉन, टेंपे, प्रेस्कॉट, फ्लॅगस्टाफ असे मुक्काम झाले. रात्री दुर्बीण लावायची, ताऱ्याची प्रतिमा किती थरथरते ते टिपायचं, आणि पुढच्या गावची गाडी धरायची. शेवटी पसंती मिळाली फ्लॅगस्टाफला. लॉवेलची वेधशाळा तिथे आजही आहे आणि १९३० साली प्लूटोचा शोध लागला तो याच जागेवरून.

हवा पारखून गाव निवडल्याचं याहून पद्धतशीर उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. डग्लसने परीक्षा घेतली ती रात्री. त्याला तारे बघायचे होते, म्हणून. पण वाळवंटी मुलखात राहायला गाव शोधणाऱ्या कुणीही आधी रात्रच तपासावी, असं माझं आता ठाम मत आहे. दुपारचं ऊन सगळेच विचारतात. त्या प्रदेशात माणूस टिकणार की नाही, हे ठरतं सूर्य मावळल्यावर.

हा प्रश्न मराठी घरांत अलीकडे बऱ्याचदा निघतो. फिनिक्सच्या आग्नेयेला चँडलर, गिल्बर्ट या उपनगरांत संगणकाच्या चिपा बनवणाऱ्या कारखान्यांमुळे भारतीय अभियंत्यांची मोठी वस्ती झाली आणि त्यात मराठी कुटुंबंही आली. नोकरी धरून आलेल्याला गाव निवडायची मुभा नसते. पण काम घरून करता येऊ लागलं, मुलं मोठी झाली, निवृत्ती दिसू लागली, की नकाशा उघडला जातो. विदर्भातून आलेला माणूस सहज म्हणून जातो की आम्हाला उन्हाची भीती कसली, आम्ही नागपूरचे.

आकडे पाहिले तर त्याचं म्हणणं चुकीचं वाटत नाही. नागपूरला मे महिन्यात दुपारचा पारा सरासरीने बेचाळीसच्या वर असतो, फिनिक्सला जुलैत साडेएकेचाळीसच्या आसपास. फरक आहे तो उन्हाळ्याच्या लांबीत. नागपूरला जूनच्या मध्यावर आभाळ भरून येतं आणि काहिली संपते. वर्षाकाठी हजार मिलिमीटरच्या वर पाऊस तिथे पडतो. फिनिक्सच्या वाट्याला येतो जेमतेम १८० मिलिमीटर, आणि मे महिन्यात मांडलेलं उन्हाचं ठाण सप्टेंबर सरेपर्यंत उठत नाही. २०२४ साली तिथे सलग ११३ दिवस पारा ३७.८ अंशांवर, म्हणजे शंभर फॅरनहाइटवर, गेला. सव्वातीन महिने सोसायचे आणि पुढे पावसाची वाट पाहायची, या विदर्भाच्या हिशेबात हे बसत नाही.

एक साधी गोष्ट नव्याने आलेल्यांना सांगावीशी वाटते. भारतातून आई-वडील येतात ते बहुधा एप्रिल ते सप्टेंबर, इकडच्या उन्हाळ्यात. अमेरिकेच्या बहुतेक भागांत तेच सोयीचं असतं. फिनिक्सला हा क्रम उलटा ठेवावा. जुलैत रात्री नऊलाही अंगणात पाऊल ठेववत नाही, आणि रोज संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या आजोबांना घर म्हणजे कोंडवाडा होतो. नोव्हेंबर ते मार्च याच गावात दुपारी वीस-पंचवीस अंश, निरभ्र आभाळ आणि बागेतल्या झाडाला लगडलेली संत्री असतात. जग बघायला निघालेल्या म्हाताऱ्या जिवांना याहून सुखाची हवा मिळणार नाही.

या हिवाळ्यानेच ॲरिझोनाला माणसं मिळवून दिली. क्षयावर औषध नव्हतं त्या काळात आपल्याकडे डॉक्टर हवापालट सुचवायचे. कुणी पाचगणीला जायचं, कुणी मिरजेच्या क्षयरोग रुग्णालयात. अमेरिकेत त्याच सल्ल्यावर माणसं टूसॉनची गाडी पकडत. पैसेवाल्यांसाठी आरोग्यधामं होती. ज्यांच्याकडे तिकिटापलीकडे काही उरत नसे, त्यांनी गावाच्या उत्तरेला तंबू ठोकले. त्या वस्तीला लोक तंबूनगरच म्हणत. फिनिक्सच्या कडेलाही सनीस्लोप नावाची अशीच वस्ती उभी राहिली. कोरड्या हवेने कुणाचा खोकला कमी झाला, पण क्षय हवेने बरा होत नाही. कित्येकांनी त्या तंबूंतच प्राण सोडले. हवेवर एवढी मोठी भिस्त ठेवलेल्या या लोकांविषयी वाचताना जीव कळवळतो.

त्यांच्यामागून दमेकरी आले, परागकणांचा त्रास असणारे आले. येताना त्यांनी आपापल्या मुलखातली झाडं आणि हिरवळ आणली. तुती आणि ऑलिव्ह घरोघरी लावले गेले, हरळी वाढवली गेली आणि ज्या परागांपासून पळून आले तेच हवेत भरले. शेवटी १९८० च्या दशकात टूसॉनच्या पिमा काउंटीला ही झाडं विकण्यावर बंदी घालावी लागली. वाळवंटाच्या मातीचं स्वतःचं एक दुखणंही आहे. कॉक्सिडिऑइडिस नावाची बुरशी तिथल्या जमिनीत राहते, धुळीबरोबर छातीत जाते आणि न्यूमोनियासारखा आजार करते. त्याला व्हॅली फीवर म्हणतात. अमेरिकेत त्याचे जितके रुग्ण नोंदले जातात, त्यांत फार मोठा वाटा एकट्या ॲरिझोनाचा. बहुतेकांना तो कळतही नाही, पण फुप्फुसं आधीच कमजोर असलेल्याने केवळ कोरडी हवा म्हणून तिथे जाण्याआधी डॉक्टरशी नीट बोलावं.

दुसऱ्या महायुद्धानंतर वातानुकूलन यंत्र घराघरांत गेलं आणि वर्षातून चार-पाच महिने यायचं ते गाव बारमाही झालं. १ जानेवारी १९६० रोजी डेल वेब या बिल्डरने फिनिक्सजवळ कपाशीच्या शेतांवर सन सिटी हे फक्त ज्येष्ठांसाठी वसवलेलं गाव लोकांना पाहायला खुलं केलं. नमुन्याची घरं बघायला पहिल्या तीन दिवसांत लाखभर माणसं लोटली. १९५० साली फिनिक्सची वस्ती एक लाख सात हजारांच्या आसपास होती. २०२० च्या जनगणनेत ती सोळा लाखांवर गेली. जाहिरातीत सूर्य दाखवला जाई, रात्र कुणी दाखवत नसे. तेव्हा दाखवण्याची गरजही नव्हती. उघड्या वाळवंटाची जमीन सूर्यास्तानंतर झपाट्याने निवते, कारण कोरड्या हवेत बाष्पाचं पांघरूण नसतं आणि उष्णता थेट आभाळात निघून जाते. जुन्या टूसॉनमध्ये लोक उन्हाळ्यात ओसरीवर खाटा टाकून झोपत.

त्या जमिनीवर मैलोन् मैल डांबर आणि काँक्रीट पसरलं, तसं हे बिघडत गेलं. दिवसभर तापलेला रस्ता रात्रभर ऊब सोडत राहतो. २०२३ च्या जूनअखेरीपासून फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटला, म्हणजे ४३.३ अंशांना, पोचला किंवा त्यापुढे गेला. ती बातमी जगभर झाली. मला जास्त गंभीर वाटते ती दुसरी नोंद. त्याच लाटेत १९ जुलैला पहाटेचं किमान तापमान ३६ अंश होतं. शरीर दिवसा साठवलेला ताप रात्री उतरवतं. रात्रच तापलेली असेल तर दुसऱ्या दिवसाची सुरुवात उसन्या थकव्यावर होते, आणि असे दिवस साचत जातात. त्या वर्षी फिनिक्सच्या मॅरिकोपा काउंटीने उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदवले. त्यांत निम्म्याहून थोडे कमी बेघर होते. घरात दगावलेल्यांपैकी बहुतेकांकडे वातानुकूलन यंत्र होतं, पण ते बंद पडलेलं किंवा बंद ठेवलेलं. २०१८ साली थकलेल्या बिलापायी वीज तोडल्यावर एक वृद्धा घरातच मरण पावली. त्यानंतर राज्याच्या नियामकांनी ऐन उन्हाळ्यात वीज तोडायला मनाई केली. २०२१ मध्ये फिनिक्स महापालिकेने उष्णतेसाठी स्वतंत्र कार्यालय उघडलं. गल्ल्यांत झाडं लावणं, रस्त्यांवर फिकट लेप देणं, रात्री उघडी राहणारी थंडाव्याची केंद्रं चालवणं अशी कामं ते करतं. मला ती कामं मनापासून मोलाची वाटतात.

रात्रीची गरज माणसापेक्षा जुनी आहे. सोनोरन वाळवंटाची ओळख असलेला सग्वारो निवडुंग जवळ जाऊन पाहावा. उभ्या चुण्यांचं, हिरव्या खांबासारखं अंग. चुण्यांच्या कडेवर काट्यांचे झुबके, दोन झुबक्यांमध्ये मेणचट साल. पाऊस झाला की या चुण्या फुगून उघडतात, टंचाईत पुन्हा मिटतात. पहिला फाटा फुटायला पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात. बहुतेक झाडं दिवसा श्वास घेतात. सग्वारो आपली छिद्रं रात्री उघडतो, म्हणजे पाणी कमी उडतं. रात्र गार झाली नाही तर त्याचा सगळा व्यवहार अडतो. २०२३ च्या त्या उन्हाळ्यात फिनिक्समधल्या सग्वारोंचे फाटे गळून पडले, काही उभेच्या उभे कोसळले. हजारो वर्षं वाळवंटाशी जुळवून घेतलेल्या जिवाला जी रात्र सोसली नाही, ती आपण विकत घेतो आहोत का, हे घर पाहायला जाणाऱ्याने स्वतःला विचारावं.

यावरचा उपाय त्याच प्रदेशात उभा आहे, तो म्हणजे उंची. १८८९ साली क्लिंटन हार्ट मेरियम हा जीवशास्त्रज्ञ ग्रँड कॅन्यनच्या तळापासून फ्लॅगस्टाफजवळच्या सॅन फ्रान्सिस्को शिखरांपर्यंत चढत गेला आणि उंचीबरोबर झाडं-प्राणी कसे पट्ट्यापट्ट्यांनी बदलतात, याची त्याने मांडणी केली. त्याचे तपशील पुढे दुरुस्त झाले, मूळ निरीक्षण पक्कं राहिलं. दर हजार मीटरला पारा साधारण साडेसहा अंशांनी उतरतो, कोरड्या हवेत दिवसा त्याहूनही जास्त. फिनिक्स ३३० मीटरवर, फ्लॅगस्टाफ २,१०० मीटरवर. जुलैच्या दुपारी फिनिक्सला साडेएकेचाळीस तर फ्लॅगस्टाफला अठ्ठावीसच्या आसपास. दोन गावांत गाडीने दोन-अडीच तासांचं अंतर आहे.

टूसॉनच्या कडेला माउंट लेमनच्या रस्त्यावर हाच चढ तासाभरात अनुभवता येतो. खाली सग्वारोंचं रान असतं. थोडं चढलं की ते एकदम थांबतं आणि पिवळं गवत नि ठेंगणे ओक लागतात. मग पाइनची गर्द झाडी येते, आणि माथ्याजवळ फरची झाडं आणि हिवाळ्यात बर्फावरून घसरण्याची जागा. खिडकीची काच खाली ठेवून चढलं तर प्रत्येक पट्ट्याची हवा चेहऱ्याला वेगळी लागते. अशा जागी एक दिवस घालवल्यावर नकाशावरच्या उंचीच्या रेषा तापमानासारख्या वाचता येतात.

म्हणून मी गावं उंचीच्या क्रमाने बघतो. कोलोरॅडो नदीकाठचं यूमा जेमतेम त्रेचाळीस मीटरवर आहे. जगातलं सर्वाधिक सूर्यप्रकाशाचं गाव म्हणून त्याची ख्याती आहे. हिवाळ्यात पाहुणा म्हणून राहावं, उन्हाळ्यात नाही. फ्लॅगस्टाफची उन्हाळी हवा स्वर्गीय, पण जानेवारीच्या पहाटे उणे आठ आणि वर्षाला सुमारे सव्वादोन मीटर बर्फ. फावडं मारायची ताकद हवी, आणि हृदयाचा किंवा श्वासाचा विकार असेल तर विरळ हवेचा विचार हवा. सोळाशे मीटरवरच्या प्रेस्कॉटला जुलैच्या दुपारी बत्तीस आणि पहाटे सोळाच्या आसपास असतं. तब्येतीला मानवणारी हवा म्हणून त्याचं नाव घेतलं जातं आणि ते योग्यच आहे. पण पाइनच्या रानाशेजारी राहणं म्हणजे वणव्याशेजारी राहणं. ३० जून २०१३ रोजी जवळच्या यार्नेलच्या वणव्यात प्रेस्कॉटच्या अग्निशमन तुकडीतले एकोणीस जवान एकाच वेळी गेले. २००३ साली माउंट लेमनवरच्या समरहेवनची बहुतेक घरं आगीत नाहीशी झाली होती. उंचीच्या शिडीच्या वरच्या पायरीवर गारवा मिळतो, तो या धोक्यासकट.

मधल्या पायऱ्यांवर मला टूसॉन सर्वांत राहण्याजोगं वाटतं. सातशे तीस मीटर उंची. जुलैत दुपारी अडतीस, पण पहाटे चोवीस. फिनिक्सच्या तुलनेत दुपारचा फरक साडेतीन अंशांचा, पहाटेचा पाचाहून अधिक. वर्षाच्या २७० मिलिमीटर पावसापैकी जवळजवळ निम्मा जुलै ते सप्टेंबरमध्ये येतो. हा तिथला मान्सून खराच, ऋतूप्रमाणे वारा फिरून येणारा. दुपारी डोंगरामागे ढग चढतात, धुळीची भिंत पुढे धावते, तासभर कोसळतो आणि क्रिओसोटच्या झुडपांचा तीव्र सुगंध गावभर पसरतो. कोरडे ओढे क्षणात दुथडी भरतात आणि गाड्या वाहून नेतात, म्हणून घर ओढ्याच्या पात्राकडेला घेऊ नये. तोहोनो ओओधम ही इथली मूळ जमात आपलं नवं वर्ष सग्वारोची लाल फळं काढण्याच्या, म्हणजे पावसाच्या तोंडच्या, काळापासून मोजते. या भूमीत राहिलेल्या माणसांनी ऋतू असा ओळखला.

या पावसाचा संबंध थेट घरातल्या कूलरशी आहे. विदर्भात खिडकीला बसवतो तसलाच कूलर इथे छपरावर बसतो. माठातलं पाणी ज्या कारणाने गार राहतं, त्याच कारणाने तो हवा गार करतो: पाण्याची वाफ होताना उष्णता खेचली जाते. हवा जितकी कोरडी तितकं काम उत्तम, आणि वीज वातानुकूलन यंत्राच्या मानाने फार थोडी लागते. मे-जूनमध्ये चौदाशे मीटरवरच्या गावात कूलर पुरून उरतो. पावसाळी हवा आली की तो हात टेकतो. पंखा फिरतो, खोली फक्त दमट होते. पूर्वी फिनिक्सला सलग तीन दिवस दवबिंदू तेरा अंशांच्या आसपास किंवा वर राहिला की मान्सून लागला, असं हवामान खातं जाहीर करी. २००८ पासून १५ जून ते ३० सप्टेंबर हा काळ ठरवून दिला आहे. कूलरवर राहणाऱ्या माणसाला जुनी पद्धत अधिक उपयोगाची होती. दवबिंदू हा आकडा त्याने रोज पाहावा. छापील सरासरी तापमानापेक्षा तो घराचं खरं सांगतो.

एकाच गावात गल्लीगणिक रात्र वेगळी असते, हेही टूसॉनच दाखवतं. गावाला लागून असलेल्या टुमामॉक टेकडीवर १९०३ पासून वाळवंटाचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. तिथल्या फॉरेस्ट श्रीव्ह या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१२ साली दाखवून दिलं की निरभ्र रात्री थंड, जड हवा उतारावरून ओघळते आणि खोलगट भागात साचते. हिवाळ्याच्या पहाटे नदीपात्राजवळचं घर टेकडीच्या कुशीतल्या घरापेक्षा कितीतरी गार असतं. थंडी सोसत नसेल तर उतार बघावा; उन्हाळ्याची रात्र गार हवी असेल तर तळ.

आता पुन्हा डग्लसकडे यावं लागतं. लॉवेलशी बिनसल्यावर तो १९०६ मध्ये टूसॉनच्या विद्यापीठात आला. सूर्यावरच्या डागांचा पावसाशी संबंध शोधता शोधता तो झाडांच्या खोडातल्या वर्तुळांकडे वळला होता. पावसाच्या वर्षी वर्तुळ रुंद, दुष्काळाच्या वर्षी चिंचोळं. त्याने ही मोजणी शास्त्र म्हणून उभी केली आणि १९३७ मध्ये त्यासाठी जगातली पहिली प्रयोगशाळा तिथेच स्थापन केली. जुन्या भग्नावशेषांतल्या तुळया वाचून त्याने तेराव्या शतकाअखेरचा, १२७६ ते १२९९ चा महादुष्काळ समोर आणला. त्याच सुमारास मेसा वर्देच्या कड्यांतली गावं रिकामी झाली होती. त्याच विद्येच्या आधारे २०२२ साली एका अभ्यासाने दाखवलं की २००० ते २०२१ हा काळ या टापूत निदान बाराशे वर्षांतला सर्वांत कोरडा बावीस वर्षांचा काळ होता, आणि त्यात मानवनिर्मित तापमानवाढीचा मोठा वाटा आहे. तीस वर्षांची सरासरी पाहून गाव निवडणारा माणूस ज्या हवेत पुढची तीस वर्षं काढणार आहे, ती त्या सरासरीत नाही.

हवेनंतर म्हणून पाणी विचारायचं. फिनिक्स आणि टूसॉनला कोलोरॅडो नदीचं पाणी ५४१ किलोमीटरच्या कालव्याने येतं, वाटेत पंपांनी ते आठशे मीटरहून अधिक उचललं जातं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये या नदीवर इतिहासातली पहिली टंचाई जाहीर झाली. ॲरिझोनाच्या कालव्याचं जवळजवळ एकतृतीयांश पाणी कापलं गेलं. पिनल काउंटीच्या शेतकऱ्यांनी ती झळ आधी सोसली. टूसॉन कालव्याचं पाणी आव्रा खोऱ्यात जमिनीत मुरवून साठवतं आणि वस्ती वाढूनही त्याचा एकूण वापर १९८० च्या दशकात होता तेवढ्यावर ठेवलेला आहे. त्या गावाबद्दलचा माझा विश्वास या शिस्तीवर आहे. उलट, स्कॉट्सडेलच्या हद्दीबाहेर रिओ व्हर्दे फूटहिल्स इथे माणसांनी निसर्गरम्य जागी मोठाली घरं बांधली, पाणी टँकरने यायचं. १ जानेवारी २०२३ पासून शहराने टँकर भरू देणं थांबवलं. कागदी थाळ्यांत जेवणारी, पावसाच्या पाण्याने शौचालय चालवणारी ती कुटुंबं बातम्यांत दिसली तेव्हा लातूर-बीडच्या माणसाला त्यात काही अनोळखी वाटलं नसेल.

आग्नेयेकडचा कोचीस टापू हवेच्या दृष्टीने मला सर्वांत मोह घालतो. चौदाशे मीटरवरचं सिएरा व्हिस्टा, तांब्याच्या खाणींवर वसलेलं आणि जिन्याजिन्यांनी डोंगरावर चढलेलं बिस्बी. उन्हाळ्याची दुपार तेहतिसाच्या आत-बाहेर, रात्री चादर लागते, बर्फ नावापुरता. घरंही फिनिक्सपेक्षा स्वस्त. पण इथे कालवा नाही. सगळं भूजलावर. सिएरा व्हिस्टाजवळची सॅन पेद्रो नदी उपशाने आटते आहे का, हा वाद कित्येक दशकं चालू आहे. उत्तरेच्या विलकॉक्स खोऱ्यात मोठ्या शेतीकंपन्यांनी खोल विहिरी पाडल्या, घरगुती विहिरी कोरड्या पडल्या, जमिनीला भेगा गेल्या. दक्षिणेला डग्लस नावाच्या गावाभोवतीच्या खोऱ्यात २०२२ साली मतदारांनी स्वतःहून उपशावर नियंत्रण आणलं. विलकॉक्सच्या मतदारांनी ते नाकारलं आणि शेवटी २०२४ च्या अखेरीस राज्याने लागू केलं.

तिथे घर घेणाऱ्याने विक्रेत्याकडून विहिरीचा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा. राज्याच्या जलसंपदा विभागाकडे नोंदलेल्या विहिरींची माहिती कुणालाही पाहता येते: कधी खोदली, किती खोल गेली, तेव्हा पाणी किती फुटांवर लागलं. मग आसपासच्या विहिरी काढाव्यात, आधी जुन्या आणि नंतर गेल्या पाच-दहा वर्षांतल्या. जुनी दीडशे फुटांवर लागलेली आणि शेजारची नवी पाचशेवर गेलेली दिसली, तर हवा कितीही गोड असली तरी मी तिथे इसाराचे पैसे देणार नाही.